इंग्रजीच्या वर्गातल्या कुसुमावती

मैत्रिणींनो, सकाळी लोणावळ्याहून पुण्याला निघणारी लोकल म्हणजे आपल्या मावळच्या मुलींचं चालतं-बोलतं कॉलेजच! मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव... प्रत्येक स्टेशनावर पाठीला सॅक लावलेल्या मुली डब्यात शिरतात. कुणी कॉमर्सची, कुणी कॉम्प्युटरची, कुणी नर्सिंगची. आणि एखादी हळूच सांगते, मी इंग्रजी घेतलंय. मग शेजारच्या मावशींचा प्रश्न ठरलेला. इंग्रजी घेऊन काय गं करणार? बोलायला यावं म्हणून क्लास लावला असतास तरी चाललं असतं की!

मावशींचं अगदीच चुकतं असं नाही. लोणावळ्या-खंडाळ्याच्या हॉटेलांत, पवनेच्या काठच्या रिसॉर्टमध्ये, तळेगावच्या एमआयडीसीत फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला नोकरी लवकर मिळते. पण इंग्रजी बोलणं वेगळं आणि इंग्रजीतली कविता, कादंबरी, नाटक वर्षानुवर्षं वाचून ते दुसऱ्याला शिकवणं वेगळं. या दुसऱ्या कामात आयुष्याची पंचवीसएक वर्षं घालवलेल्या एका बाईंची आज ओळख करून घेऊ या. नाव तुम्ही ऐकलं असेल, पण बहुतेकींनी ते कवी अनिलांची पत्नी म्हणून ऐकलं असेल. त्या म्हणजे कुसुमावती देशपांडे. नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिका, मराठीतल्या कथालेखिका आणि समीक्षक, आणि मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष.

कुसुमचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ चा, अमरावतीचा. माहेरचं आडनाव जयवंत. गंमत बघा, खुद्द विलायतेतल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने इंग्रजी साहित्याचा पहिला प्राध्यापक नेमला तो याच १९०४ साली! म्हणजे ज्यांची ही भाषा, त्यांच्याही जुन्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्य हा विषय तेव्हा नवाच होता. तिकडचे विद्वान लॅटिन-ग्रीक शिकवायचे. आपलीच गोष्ट आपल्याच भाषेत शिकायची ती काय, असं त्यांना वाटायचं. आपल्याकडे मात्र १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हापासून इंग्रजीला मानाचं पान. पण ते पान वाढलेलं असायचं पुरुषांसाठी. मुलींनी इंग्रजी शिकायचं म्हटलं की घराघरांत वादळं उठायची.

त्या वादळाची सगळ्यांत ओळखीची गोष्ट रमाबाई रानड्यांची. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं. न्यायमूर्तींनी त्यांना मुळाक्षरांपासून शिकवलं, पुढे इंग्रजीही शिकवलं. घरातल्या मोठ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. टोमणे, अबोले, चारचौघींत पाणउतारा, सगळं त्यांनी सोसलं. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावं असं गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांपुढे मांडायचं ठरलं, तेव्हा इंग्रजीतून ते वाचायला उभ्या राहिल्या त्या रमाबाईच. त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांचं कौतुक तर सोडाच, पण बरंच काही ऐकून घ्यावं लागलं. तरी शाळा निघाली. १८८४ साली. तीच आपली हुजूरपागा! पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेच्या जागेवर मुलींची शाळा उभी राहिली. तिथे मुलींना इंग्रजी शिकवतात म्हणून वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. पण शाळा बंद पडली नाही.

याच हुजूरपागेत अमरावतीची ही कुसुम शिकायला आली. विदर्भातून एवढ्या लांब पुण्याला मुलगी शिकायला ठेवायची, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे ती फर्ग्युसन कॉलेजात गेली. तेच ते फर्ग्युसनसाहेबांच्या नावाचं कॉलेज. रमाबाईंनी ज्यांच्यासमोर इंग्रजी वाचलं त्यांच्याच नावाच्या कॉलेजात, रमाबाईंनी मागून घेतलेल्या शाळेतली मुलगी इंग्रजी साहित्य वाचत होती. मधे जेमतेम चाळीस वर्षं गेली होती.

फर्ग्युसनमध्येच तिची ओळख झाली विदर्भातल्याच एका तरुणाशी. आत्माराम रावजी देशपांडे त्याचं नाव. मूर्तिजापूरचा, कविता करणारा. हेच पुढचे कवी अनिल. दोघांची मैत्री जमली, मैत्रीचं प्रेमात रूपांतर झालं. पण लग्न व्हायला १९२९ साल उजाडलं. मधली वर्षं निघाली ती पत्रांवर. मोबाइलवर दोन निळ्या खुणा उशिरा उमटल्या तरी आज जीव कासावीस होतो! या दोघांनी मात्र पानंच्या पानं लिहिली. पुस्तकांविषयी, कवितेविषयी, घरच्यांविषयी, स्वतःच्या मनाविषयी. दोघांच्या नावांची सांगड घालून 'कुसुमानिल' या नावाने ही पत्रं १९७२ साली पुस्तकात आली. तेव्हा कुसुमावती हयात नव्हत्या. ज्यांना प्रेमपत्रं म्हणजे नुसती फुलं-चांदणं वाटतं त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. दोन शिकणारी माणसं एकमेकांना कशी घडवतात, ते त्यात दिसतं.

नागपूर विद्यापीठाची बी.ए. पदवी घेऊन कुसुम विलायतेला गेली. मुंबईच्या धक्क्यावरून बोटीने, दोन-तीन आठवड्यांचा प्रवास करून. लंडनला ती शिकली ते वेस्टफील्ड कॉलेज खास मुलींसाठी १८८२ साली निघालेलं. लंडन विद्यापीठ बायकांना १८७८ पासून पदव्या देत होतं. ऑक्सफर्डने त्या द्यायला १९२० साल उजाडवलं. आणि केंब्रिज? तिथे मुली शिकायच्या, परीक्षा द्यायच्या, पण खरीखुरी पदवी त्यांना मिळायला लागली ती १९४८ साली! म्हणजे १९२९ साली कुसुमने लंडनहून इंग्रजी साहित्याची पदवी आणली, तेव्हा केंब्रिजमधल्या गोऱ्या मुलीही त्या मानाला मुकलेल्या होत्या.

कुसुम शिकत होती त्याच दिवसांत, १९२८ च्या ऑक्टोबरात, व्हर्जिनिया वुल्फ ही लेखिका केंब्रिजच्या मुलींच्या कॉलेजांत दोन व्याख्यानं देऊन गेली. बाईला लिहायचं असेल तर तिच्या हाताशी थोडे स्वतःचे पैसे हवेत आणि दाराला आतून कडी लावता येईल अशी एक खोली हवी, असं तिचं म्हणणं. पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक झालं आणि ते जगभर गाजलं. लिहिणाऱ्या बाईबद्दल ते खरंच आहे. पण मला वाटतं, शिकवणाऱ्या बाईलाही ते तितकंच लागू आहे. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लंडनहून परतल्यावर १९२९ मध्ये लग्न झालं. आणि १९३१ पासून कुसुमावती देशपांडे नागपूरला इंग्रजी शिकवायला लागल्या. हे सरकारी कॉलेज तेव्हाचं नामांकित मॉरिस कॉलेज. १८८५ चं. पुढे त्याचं नाव नागपूर महाविद्यालय झालं आणि नंतर वसंतराव नाईकांच्या नावाची संस्था झाली. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. मराठी घरातली आणि हिंदी घरातली मुलं एकाच बाकावर बसायची. त्या सगळ्यांना शेक्सपिअर समजावून द्यायचा, तो त्यांच्या परक्या भाषेत! आणि शिकवणारी कोण, तर विशीतली एक नऊवारी-पाचवारीच्या देशातली बाई. १९३१ च्या शिरगणतीत आपल्या देशात शंभर बायकांमागे जेमतेम तिघींना अक्षरओळख होती. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, त्या साली ही बाई कॉलेजच्या वर्गात इंग्रजी काव्य शिकवत होती.

त्यांच्याआधी कुणी नव्हतंच असं नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. डेक्कन कॉलेजातून त्या उत्तम गुणांनी पास झाल्या आणि अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्या. वर्गात सगळे मुलगे! पण ती नेमणूक होती तात्पुरती. कॉर्नेलियाबाई पुढे ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या आणि वकील म्हणून गाजल्या. वकिलीचा फायदा झाला, पण इंग्रजीच्या वर्गाने एक हुशार शिक्षिका गमावली ती गमावलीच.

इथेच मला कुसुमावतींच्या आयुष्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट दिसते. त्यांची नेमणूक टिकली. एकाच शहरात, एकाच विषयात, पंचवीसएक वर्षं! चांगलं शिकवणं हा आपण नेहमी एखाद्या व्यक्तीच्या अंगचा गुण मानतो. अमक्या बाई काय सुरेख शिकवायच्या, असं म्हणतो आणि थांबतो. पण तो गुण नुसता अंगात असून भागत नाही. लोणचं मुरायला जशी बरणी हवी, मीठ-तेल हवं आणि मुख्य म्हणजे वेळ हवा, तसंच आहे हे. पहिल्या वर्षी शिकवलेलं नाटक आणि दहाव्यांदा शिकवलेलं तेच नाटक यात फरक पडतो. कुठे मुलांचे चेहरे कोरे होतात, कुठल्या शब्दाला अडखळतात, कुठला दाखला दिला की डोळे चमकतात, हे सगळं वर्षांवर्षांनी कळत जातं. त्यासाठी बाईंचं पुढच्या वर्षीचं टेबल पक्कं असावं लागतं. ग्रंथालयात नवी पुस्तकं येत राहावी लागतात. बरोबरीला चार वाचणारे सहकारी लागतात. आणि घरी गेल्यावर वाचत बसलेल्या बाईकडे कुणी डोळे वटारून बघता कामा नये!

ही शेवटची गोष्ट कुसुमावतींना मिळाली. घरात कवी नवरा. अनिलांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, न्यायखात्यात आणि पुढे समाजशिक्षणाच्या कामात नोकरी केली आणि जन्मभर कविता केली. मराठीतल्या मुक्तछंदाचे ते पुरस्कर्ते. दहा ओळींच्या 'दशपदी'चं वळण त्यांचंच. त्यांचा 'फुलवात' हा पहिला संग्रह १९३२ चा. म्हणजे इकडे बाई कॉलेजात रुजू झाल्या आणि तिकडे वर्षभरात नवऱ्याचं पुस्तक आलं. एका घरात दोन लिहिणारी माणसं म्हटलं की एकाने दुसऱ्यासाठी दिवा मालवायचा, आणि मालवणारी बहुधा बायकोच, हा आपला अनुभव. या घरात दोन्ही दिवे जळत राहिले. कुसुमावतींच्या पुस्तकांची नावंच बघा. १९३४ साली 'दीपकळी', मग 'दीपदान', पुढे 'दीपमाळ'! आणि त्यांच्याच मधे एक वेगळंच नाव, 'मोळी'.

मोळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? घाटातल्या रानातून डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन उतरणाऱ्या ठाकर-कातकरी बायका. विलायतेत शिकून आलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने आपल्या कथासंग्रहाला हे नाव द्यावं, यातच त्यांची नजर कुठे होती ते कळतं. त्या काळी मासिकांत येणाऱ्या पुष्कळ गोष्टी म्हणजे घडामोडींची साखळी. योगायोग, गैरसमज आणि शेवटी एक जोरदार कलाटणी. कुसुमावतींच्या कथेत असं काही फारसं घडत नाही. एखादा क्षण, एखादं माणूस, एकटेपणाची एखादी कळ त्या हलक्या हाताने टिपतात आणि बाजूला होतात. जगाच्या साहित्यात लघुकथा हे वळण घेत होती, ते त्यांनी वर्गात शिकवता शिकवता ओळखलं होतं. पण त्यांनी तिकडची माणसं इकडे आणून बसवली नाहीत. नजर तिकडून घासून घेतली आणि बघितलं ते आपल्याच अंगणात.

हीच गोष्ट त्यांच्या समीक्षेची. समीक्षा हा शब्द ऐकला की आपल्यापैकी कित्येकजणी पान उलटतात. पण जरा थांबा. १९५३ साली त्यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा आढावा घेणारा ग्रंथ लिहिला. 'मराठी कादंबरी : पहिले शतक'. १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. विधवांच्या दुःखाची ती कहाणी. मराठीतली पहिली कादंबरीच मुळी बायकांच्या प्रश्नावर! तिथून हरिभाऊ आपट्यांपर्यंत आणि हरिभाऊंपासून स्वतःच्या काळापर्यंत बाईंनी सगळं वाचलं, पारखलं. इंग्रजी कादंबऱ्या वर्गात शिकवून कादंबरी कशी उभी राहते हे त्यांना ठाऊक झालं होतं. ते ज्ञान त्यांनी मायबोलीसाठी वापरलं. आपल्या कादंबऱ्यांना उगाच डोक्यावर घेतलं नाही आणि इंग्रजीपुढे आपलं काहीच नाही म्हणून नाकही मुरडलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९५४ ला, त्यांच्या समीक्षालेखांचं पुस्तक आलं. त्याचं नाव 'पासंग'. आजच्या मुलींना हा शब्द माहीत असेल की नाही कोण जाणे! जुन्या वाण्याच्या दुकानात तराजूची दोन पारडी सारखी नसली, तर हलक्या बाजूला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधायचे. तो पासंग. माल तोलायच्या आधी तराजूच नीट करून घ्यायचा. दुसऱ्याच्या पुस्तकाची किंमत करण्याआधी आपलं मन एका बाजूला झुकलेलं नाही ना, ते बघायचं. चांगल्या शिक्षकाचंही काम हेच नाही का? पेपर तपासताना, वर्गात प्रश्न विचारताना, शहरातल्या मुलीचं अस्खलित इंग्रजी आणि खेड्यातल्या मुलीचं अडखळतं पण स्वतःच्या डोक्याने लिहिलेलं उत्तर एकाच तराजूत तोलायचं, तर आधी तराजू सरळ हवा.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. त्यानंतर थोड्याच काळात कुसुमावती कॉलेज सोडून दिल्लीला आकाशवाणीत गेल्या. तिथे त्यांच्याकडे स्त्रियांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी होती. वर्गात शे-दोनशे मुलं असायची. आता रेडिओवरून, चुलीपुढे बसून ऐकणाऱ्या बाईपर्यंत पोचायचं होतं. विद्यापीठातली प्राध्यापिका हे काम कमी प्रतीचं मानू शकली असती. त्यांनी ते आपलं मानलं.

१९६१ मध्ये मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. १८७८ मध्ये पुण्यात रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचा पहिला मेळा भरला होता. तेव्हापासून त्र्याऐंशी वर्षं त्या खुर्चीत एकही बाई बसली नव्हती! तीन वर्षांपूर्वी, १९५८ ला मालवणच्या संमेलनात, तीच खुर्ची अनिलांनी भूषवली होती. नवरा आणि बायको दोघंही स्वतंत्रपणे, आपापल्या लिखाणावर संमेलनाध्यक्ष झाले, असं हे मराठीतलं एकमेव जोडपं.

त्यांच्यानंतर पुढच्या महिला अध्यक्षांसाठी चौदा वर्षं वाट बघावी लागली. १९७५ ला कराडला दुर्गाबाई भागवत, १९९६ ला आळंदीला शांताबाई शेळके, २००१ ला इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ ला यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ ला दिल्लीला तारा भवाळकर. सगळ्या मिळून सहाजणी. त्यातल्या शांताबाई तर आपल्या शेजारच्याच. बालपण खेड-मंचरकडचं, शाळा हुजूरपागा, आणि पुढे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मराठी शिकवलेलं. आपल्या लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी ज्या आळंदीला जाते, तिथेच त्यांचं संमेलन झालं. आणि यादी नीट बघितलीत तर एक गोष्ट ध्यानात येईल. यातल्या निम्म्याहून अधिक जणींनी वर्गात उभं राहून शिकवलेलं आहे. लिहिणाऱ्या बायका आभाळातून पडत नाहीत. त्या शाळा-कॉलेजच्या वर्गांतून वर येतात.

संमेलनाचं ते वर्ष मात्र कुसुमावतींचं शेवटचं ठरलं. १७ नोव्हेंबर १९६१ ला त्या गेल्या. सत्तावन्नावा वाढदिवस होऊन आठवडाच झाला होता. त्यांच्यामागे दोन कामं प्रसिद्ध झाली. साहित्य अकादमीसाठी लिहिलेला मराठी साहित्याचा इंग्रजी इतिहास, १९८८ मध्ये त्यांच्या आणि मं. वि. राजाध्यक्षांच्या नावाने आला. राजाध्यक्षही इंग्रजीचेच प्राध्यापक. पण मला जास्त हलवून जातं ते दुसरं काम. १९६३ साली निघालेलं एक इंग्रजी पुस्तक. रमाबाई रानड्यांनी १९१० साली लिहिलेल्या आठवणींचा कुसुमावतींनी केलेला अनुवाद!

बघा, धागा कुठून कुठे आला. एका बाईला इंग्रजीची चार अक्षरं शिकण्यापायी घरात छळ सोसावा लागला. तिच्या खटपटीने जी शाळा निघाली त्या शाळेतली मुलगी इंग्रजीची प्राध्यापिका झाली. आणि तिने त्या पहिल्या बाईची कहाणी इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवली. याहून चांगली गुरुदक्षिणा कोणती?

आता आपल्या लोकलमधल्या मुलींचं काय? त्यांच्यापुढे शिकण्याची बंदी नाही, घरचे टोमणेही बरेच कमी झालेत. अडचण वेगळीच आहे. आज आपल्या राज्यात अनेक कॉलेजांत शिकवणारे तरुण प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते देव जाणे. यात मुलींची संख्या मोठी दिसते. एम.ए., सेट-नेट, कुणाची पीएच.डी.सुद्धा झालेली. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात धावायचं. वाचायचं कधी? मुलांची नावं पाठ व्हायची कधी? शिकवणं मुरायचं कधी? कॉर्नेलियाबाईंची नेमणूक तात्पुरती होती आणि कुसुमावतींची टिकली. त्या एका फरकाने नागपूरच्या किती पिढ्यांचं भलं झालं असेल! आज आपण पुन्हा तात्पुरत्याच्या दिशेने निघालो असू, तर त्याची किंमत मावळातून पहाटे उठून कॉलेज गाठणाऱ्या मुली मोजणार आहेत. कारण शहरातल्या सुखवस्तू घरातली मुलगी बाहेरून शिकवणी लावेल. वाडीवरच्या मुलीला कॉलेजचा वर्ग हाच काय तो आधार.

नेमणुकांचे निर्णय मंत्रालयात होतात, आपल्या हातात काय, असं वाटेल. पण काही गोष्टी आहेत हातात. मुलीच्या कॉलेजच्या पालक सभेला गेलात तर फी आणि हजेरीपलीकडे आणखी दोन प्रश्न विचारा. तुमच्याकडे कायमचे प्राध्यापक किती? ग्रंथालयात या वर्षी नवी पुस्तकं किती आली? पालक विचारत नाहीत म्हणून ही उत्तरं कुणी तयार ठेवत नाही. विचारायला लागलो की ठेवावी लागतील. गावात वाचनालय असेल तर कुसुमावतींची पुस्तकं मागून बघा. 'कुसुमानिल' मिळालं तर आधी ते घ्या, 'मोळी' मिळालं तर तेही. मागणारं कुणी असलं की कपाटातली जुनी पुस्तकं बाहेर येतात.

आणि घरात एखादी मुलगी इंग्रजी घेऊन शिकत असेल, किंवा सून तासिकांवर शिकवायला जात असेल, तर संध्याकाळचा एक तास तिला देऊन टाका. त्या तासात पोळ्या दुसऱ्या कुणी लाटाव्यात, पाहुण्यांचा चहा दुसऱ्या कुणी टाकावा. खोली वेगळी देता आली नाही तरी चालेल. कोपऱ्यातलं एक टेबल आणि त्यावरचा दिवा तेवढा तिचा असू द्या.